आधी मातीला विचारा

जून कोरडा गेला की नवी मुंबईतल्या पावणे एमआयडीसीत एकच चौकशी सुरू होते: बारवी धरणात पाणी किती? टँकर आगाऊ सांगायचा का, कोणती पाळी बंद ठेवायची, सगळं त्या टक्केवारीवर ठरतं. घरच्या नळासाठी मोरबे धरणाची टक्केवारी. पण दोन्ही आकडे आजचा साठा सांगतात. उद्या किती येणार, हे वरच्या डोंगरउतारांची माती ठरवते.

मे महिन्यात तापलेली माती पहिल्या शंभर मिलिमीटरातला बराचसा पाऊस पिऊन टाकते. तेवढाच पाऊस ऑगस्टमध्ये पडला तर काही तासांत ओढे धरणात उतरतात. म्हणजे नुसत्या पर्जन्यमापकावरून आवक काढली तर गणित अर्धंच राहतं. आपल्या मुलखातल्या इंजिनिअरांना हे जुनंच ठाऊक आहे. १८९२ साली इंजिनिअर स्ट्रेंज यांनी आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या पाऊस आणि प्रवाहाच्या नोंदी अभ्यासल्या. त्यांच्या तक्त्यांत पाणलोट कोरडं, दमट की ओलं, असे वेगळे रकाने आहेत. तेव्हा ओल नजरेने ठरवावी लागे. आता ती आकाशातून मोजता येते.

नासाचा स्मॅप उपग्रह २०१५ पासून ढगांआडूनही मातीच्या वरच्या पाच सेंटिमीटरांची ओल टिपतो, दर दोन-तीन दिवसांनी, आणि तो डेटा फुकट मिळतो. त्याचा मूळ चौकोन मात्र ३६ किलोमीटरचा. मोरबेचं पाणलोट त्यात हरवतं. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार उपग्रहाची नजर फार बारीक आहे, पण तो त्याच जागी बारा दिवसांनी येतो. दाट झाडीखाली दोघेही अडखळतात. म्हणून डोंगरावर चार ठिकाणी तरी जमिनीत ओलमापक पुरायलाच हवेत. त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय उपग्रहाच्या आकड्यावर विसंबू नये.

हा प्रश्न नुसत्या पाणीकपातीचाही नाही. बारवी ७२.६० मीटरला भरली की स्वयंचलित दरवाजे उघडतात. खालच्या गावांना त्याआधी जितके तास हाती मिळतील तितके हवेत. मोरबेच्या शेजारच्या इर्शाळगडाच्या उतारावर १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. पाण्याने भरलेल्या मातीची रोजची नोंद तिथेही लागते.

महापालिकेने आणि एमआयडीसीने साठ्याच्या टक्केवारीशेजारी मातीची ओल आणि पुढच्या तीन दिवसांची अपेक्षित आवक जाहीर करावी. पावण्यातल्या कारखानदारांनी येत्या पावसाळ्याआधी ही मागणी लेखी द्यावी.