कायम ओढलेला हँडब्रेक

जुन्या गाडीला टचस्क्रीन बसवायचा विषय घरात कधीही टचस्क्रीनच्या नावाने निघत नाही. तो ‘रिव्हर्स कॅमेरा बसवून घेऊ’ असा निघतो. सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाला मागचा बंपर घासलेला असतो, घासणारी व्यक्ती घरातलीच असते आणि तिच्या सुरक्षिततेची चिरंजिवांना एकाएकी काळजी वाटू लागते. कॅमेरा आला की तो बघायला स्क्रीन आलीच. स्क्रीन घ्यायचीच तर नऊ इंची घ्यावी, सात इंची आता कोण घेतं? आणि एवढी मोठी स्क्रीन लावून तेच जुने, कोन फाटलेले स्पीकर ठेवायचे म्हणजे लोक काय म्हणतील! दुकानाच्या पायरीवर पोचेपर्यंत हजार-बाराशेच्या कॅमेऱ्याचा पंचवीस हजारांचा प्रकल्प झालेला असतो. ज्या गाडीसाठी हे चालले आहे ती बाजारात उभी केली तर पाऊण लाखाला जाईल, तेही घेणारा सज्जन निघाला तर.

गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा गाण्यांवर घालवणारे काका, म्हणजे या चिरंजिवांचे वडील, हे या जातीतले पहिले नव्हेत. ब्लाउपुंक्टने १९३२ साली युरोपातला पहिला कार रेडिओ काढला. ‘एएस ५’ त्याचे नाव, किंमत ४६५ राइशमार्क, म्हणजे तेव्हाच्या मोटारीच्या किमतीच्या साधारण एक तृतीयांश. त्याआधी दोन वर्षे अमेरिकेत पॉल गॅल्विन यांनी मोटोरोला रेडिओ बाजारात आणला होता. तो बसवायचा तर डॅशबोर्ड उपसायचा, अँटेनासाठी छताचे कापड उसवायचे, असा सगळा थाट. नव्वद वर्षांत मनुष्यजातीने या बाबतीत एकच प्रगती केली. आता डॅशबोर्ड उपसताना गिऱ्हाइकाला चहा मिळतो.

आपल्याकडे मोटारीतले संगीत ही कंपनीची जबाबदारी आहे असे फार काळ कोणाला वाटतच नव्हते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. टेप मात्र ज्याने त्याने बाजारातून आणून लावायचा. (त्याला स्टिरिओ म्हणणारे वेगळे, कॅसेट जाऊन सीडी आली तरी टेपच म्हणणारे वेगळे.) मागच्या काचेखालच्या फळीवर दोन स्पीकर. त्यावरचे कंपनीचे नाव मागून येणाऱ्या गाडीला वाचता येईल असे. पुढे काढता येणाऱ्या फेसप्लेटचा जमाना आला. चोरी होऊ नये म्हणून टेपचा दर्शनी भाग काढून डबीत घालायचा आणि ती डबी खिशात घेऊन लग्नाच्या पंगतीला बसायचे. आज ती कटकट उरलेली नाही. बाजारातली स्क्रीन कोणी चोरत नाही. चोरालाही तिची रिसेल व्हॅल्यू ठाऊक आहे.

हा सगळा बाजार एका चौकोनी भोकावर उभा आहे. १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच. जर्मन प्रमाणसंस्थेने ठरवलेले हे माप ‘डिन’ या नावाने जगभर गेले आणि जपानपासून जर्मनीपर्यंतच्या मोटारींनी टेपसाठी तेवढीच जागा सोडली. दुप्पट उंची हवी असेल तर डबल डिन. त्या एका शिस्तीमुळे कोणत्याही कंपनीचा टेप कोणत्याही गाडीत बसत असे. नऊ इंची स्क्रीन ही शिस्त मानत नाही. ती भोकाच्या बाहेर पसरते. तिच्यासाठी त्या-त्या मॉडेलची प्लास्टिकची फ्रेम लागते. फ्रेम ठीक बसली तर उत्तम, नाही तर कानस आहेच. आणि गाडी फारच जुनी असेल तर भोकात बसून बाहेर तरंगणारी स्क्रीन मिळते. ती एसीच्या झरोक्यांपुढे उभी राहते, म्हणजे उन्हाळ्यात सर्वांत गार काय राहते, तर स्क्रीनची पाठ.

स्थळ : पुण्याच्या नाना पेठेतले एक दुकान. वेळ : ‘दोन तासांत होईल काका’ या वाक्यानंतरचा चौथा तास.

शेठने सुरुवातीलाच शब्द दिलेला असतो, “कपलर टू कपलर आहे. एक वायर कट होणार नाही.” हे वाक्य या धंद्यातले मंगलाचरण आहे. कारागीर ड्रायव्हरच्या सीटवर उलटा झोपलेला, पाय दाराबाहेर, दातांत इन्सुलेशन टेपचा तुकडा, आणि हातात कटर. डॅशबोर्डची प्लास्टिकची पट्टी निघताना ‘कट्‌’ असा आवाज येतो. काका दचकतात. “क्लिप आहे काका, काही नाही.” पुढे सहा महिने त्या जागेतून खडबडीत रस्त्यावर टकटक येते, ती याच काही-नाहीची.

उपसलेल्या भोकातून वायरींचा झुपका बाहेर लोंबत असतो आणि त्याचे रंग सहसा ठरलेले असतात. पिवळी वायर बॅटरीला थेट, म्हणजे गाडी बंद असतानाही घड्याळ आणि सेटिंग जिवंत ठेवणारी. लाल वायर चावीवर चालणारी. काळी अर्थची. पिवळी-लाल यांची अदलाबदल झाली की संच दर वेळी चावी फिरवल्यावर स्मृतिभ्रंश होऊन उठतो. दोन्ही एकत्र पिळून बॅटरीला दिल्या की तो रात्रभर झोपतच नाही. छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-अवरची. चोरून २०० मिलिअँपिअर पिणारे यंत्र तिला आठवड्याभरात आडवी करते. हा हिशोब दुकानात कोणी सांगत नाही. गाडी रोज चालवणाऱ्याला तो कळतही नाही. कळतो तो सुट्टीवरून परत आलेल्याला, पहाटे, शेजाऱ्यांना धक्का मारायला उठवताना.

पण या झुपक्यातली सर्वांत करुण वायर वेगळीच. नामांकित कंपन्यांच्या संचात ती बहुधा फिकट हिरवी असते आणि हँडब्रेकच्या स्विचला जोडायची असते. हँडब्रेक ओढलेला असेल तरच समोर व्हिडिओ दिसावा, एवढीच तिची माफक इच्छा. कारागीर ती सोलतो आणि डॅशबोर्डमागच्या पत्र्याच्या स्क्रूला पिळून टाकतो. झाले. यापुढे गाडी द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगाने जात असली तरी संचाच्या समजुतीप्रमाणे ती हँडब्रेक ओढून उभी आहे. २०१७ च्या वाहनचालनाच्या नियमांनी गाडी चालवताना व्हिडिओ बघण्यास मनाई केली आहे, वाट शोधण्यासाठी नकाशा तेवढा चालतो. त्या नियमाचे पालन ज्या वायरीवर होते तिचा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो, आणि तो लावण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. बिलावर ‘फिटिंग फ्री’ लिहिलेले असते ते यासाठीच असावे. “मुलांसाठी हो, मागे बसून कार्टून बघतात,” असे काका म्हणतात. मुलगा चौतीस वर्षांचा आहे आणि स्क्रीन पुढे आहे.

खोटेपणाची सुरुवात मात्र वायरीपासून झालेली नसते. ती डब्यापासूनच असते. डब्यावर लिहिलेले असते अँड्रॉइड १३. सेटिंगमध्ये गेल्यावरही १३ च दिसते, कारण ती पाटी कोणालाही रंगवता येते. चिरंजीव हार्डवेअरची माहिती सांगणारे एक अ‍ॅप टाकतात आणि तिथे एपीआय पातळी २९ निघते, म्हणजे अँड्रॉइड १०. वॅटचेही तेच. डब्यावर ‘४ × ६० वॅट’. इंजिन चालू असताना गाडीत मिळतात फार तर १४.४ व्होल्ट, स्पीकर चार ओहमचा. व्होल्टेज वाढवणारी वेगळी सोय आत नसेल (आणि या किमतीत ती नसते), तर एका स्पीकरला स्वच्छ आवाजात पंचवीस वॅटच्या वर देणे शक्यच नाही. उरलेले पस्तीस वॅट छापखान्यातून येतात. अर्थात, ज्या पिढीने घरच्या म्युझिक सिस्टीमवर हजारो वॅटचा ‘पीएमपीओ’ वाचून विश्वास ठेवला, तिला साठ म्हणजे विनयच वाटतो.

तेव्हा आठ कोअर, चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी साठा असलेला हा संगणक घरी येतो. पहिल्या रविवारी सगळे कुटुंब गाडीत बसून, गाडी न हलवता, त्याचे वॉलपेपर बदलते. दुसऱ्या आठवड्यात चिरंजिवांना शोध लागतो की गाणी ऐकायला, नकाशा बघायला याला इंटरनेट लागते, ते फोनमधूनच द्यावे लागते, आणि मग थेट फोनच का जोडू नये? ‘कारप्ले’ २०१४ मध्ये आणि ‘अँड्रॉइड ऑटो’ २०१५ पासून गाड्यांमध्ये आले ते याच विचाराने : डोके फोनचे, गाडीने फक्त तोंड दाखवायचे. त्यामुळे आठही कोअर आता घरजावयासारखे बसून आहेत. काम फोन करतो, तापतोही फोनच.

इतके करून मिळाले काय, याचा हिशोब स्वीडनमधल्या एका मोटार नियतकालिकाने २०२२ मध्ये सोयीस्करपणे मांडून ठेवला आहे. ‘व्ही बिलेगारे’ने एका बंद धावपट्टीवर नव्या गाड्या ताशी ११० किलोमीटरने पळवल्या आणि चालकांना साधी कामे सांगितली : तापमान वाढवा, रेडिओ ठरावीक स्टेशनला लावा, ट्रिप मीटर शून्य करा. सोबत गंमत म्हणून २००५ ची बटणांची व्होल्वो व्ही७० होती. तिच्यात सगळे दहा सेकंदांत, ३०६ मीटरच्या आत उरकले. सर्वांत मागे पडलेल्या नव्या टचस्क्रीनवाल्या गाडीला ४४.९ सेकंद आणि १,३७२ मीटर लागले. २०२६ पासून तर गाड्यांच्या सुरक्षिततेची परीक्षा घेणारी ‘युरो एनकॅप’ पाच तारे देताना इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा कामांना खरीखुरी बटणे आहेत का, ते बघणार. म्हणजे युरोप जिथे परत निघाला आहे तिथे काका आधीपासूनच उभे होते. त्यांनी पंचवीस हजार भरून जागा सोडली. जुन्या टेपचा गोल नॉब न बघता फिरायचा. आता आवाज कमी करायला अधिक-उणेच्या चिन्हांवर बोट टेकवावे लागते, आणि खड्ड्यात बोट हलले की घाटाच्या वळणावर इक्वलायझर उघडतो.

ताम्हिणी घाटात नेटवर्क जाते. नकाशा आधी उतरवून ठेवलेला नसतो, तो निळसर-करडा होतो आणि गाडीचा बाण शून्यात चालत राहतो. माणगावपर्यंतचा हा रस्ता काकांना तीस वर्षे पाठ आहे, तरी गाडी बाजूला घेतली जाते, कारण स्क्रीनवर रस्ता दिसत नसताना पुढे जाणे आता बरे दिसत नाही. काकू काच खाली करून एका टपरीवाल्याला विचारतात. तो हात पुढे करतो. रस्ता एकच असतो.

गाडीला पंधरा वर्षे झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत जावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले, पर्यावरण कर वेगळा. काका गाडी धुऊन, स्क्रीनवरचे बोटांचे ठसे पुसून नेतात. निरीक्षक टायर बघतात, दिवे बघतात, चॅसिस नंबर बघतात. स्क्रीनकडे बघत नाहीत. काका रिव्हर्स टाकून कॅमेरा दाखवू पाहतात. संच अजून सुरू होतोय, कंपनीचे चिन्ह गोल फिरतेय.

“हॉर्न वाजवा.”

हॉर्न वाजत नाही. पुन्हा दाबला, तरी नाही. कारागिराने कॅमेऱ्याचा करंट कुठल्या फ्यूजवरून घेतला होता, हा प्रश्न त्या दिवशी कोणाच्या मनात आला नव्हता. काका रांगेतून गाडी बाजूला घेतात आणि दुकानात फोन लावतात.

“फ्यूज सैल झाला असेल काका,” शेठ म्हणतो, “घेऊन या, पाच मिनिटांचं काम. आणि येताय तर एक सांगतो, पुढचा-मागचा दोन्ही कॅमेऱ्यांचा डॅशकॅम आलाय. कपलर टू कपलर.”