बिट-परफेक्ट गृहस्थ

निवृत्ती जवळ आली, मुलं परदेशी मार्गी लागली आणि घराचं कर्ज फिटलं, की मराठी मध्यमवर्गातल्या काही पुरुषांना अध्यात्माची ओढ लागते आणि काहींना डॅकची. डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचे पुन्हा विद्युतसंकेत करणारी डबी. या दुसऱ्या पंथातला गृहस्थ ओळखायला सोपा. ‘हल्ली काय ऐकता?’ असं विचारलं तर तो ‘२४-१९२’ असं उत्तर देतो, म्हणजे फाइलचं बिट आणि किलोहर्ट्‌झमधलं माप. राग आणि गायक फारच आग्रह केला तर कळतात. पाहुण्याला चहाआधी सिस्टीमचं चरित्र ऐकावं लागतं: ब्लूटूथ आवाज दाबून पाठवतं म्हणून ते सोडलं, फोन परस्पर सगळं ४८ किलोहर्ट्‌झवर आणून ठेवायचा म्हणून वेगळा स्ट्रीमर घेतला, आता फाइल ‘बिट-परफेक्ट’, म्हणजे एकही बिट न बदलता डॅकपर्यंत पोचते. इथवर त्याचं काहीही चुकलेलं नाही. पंचाईत अशी, की इथवर यायला फारसा खर्चही लागत नाही. अ‍ॅपल म्युझिकने जून २०२१मध्ये मूळ दर्जाचं संगीत जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून शेजारचा कॉलेजातला पोरगाही तेच ऐकू शकतो. मग वेगळेपण राखायला गृहस्थाला वायरींकडे वळावं लागतं.

राउटर ते स्ट्रीमर एवढ्याशा अंतरासाठी तो चांदीचा मुलामा दिलेली वायर आणतो आणि ‘आवाज मोकळा झाला’ असं जाहीर करतो. वास्तविक नेटवर्कवरून डेटा तुकड्यातुकड्यांनी येतो, प्रत्येक तुकडा तपासला जातो, बिघडलेला पुन्हा मागवला जातो. साध्या वायरीतून गाणं न अडखळता येत असेल तर ते पूर्ण आलेलं असतं. मोकळं व्हायला आत काही अडकलेलं नसतं. २४-१९२चंही तेच. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचं माप १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्‌झ, त्यात २२ हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज मावतो. ऐन तारुण्यातला कान २० हजारांच्या आसपास थांबतो, साठीकडे झुकलेला त्याच्या बराच अलीकडे. आणि ऐकायचं ते काय? गौहर जानचं १९०२चं ध्वनिमुद्रण मायक्रोफोनशिवाय, भोंग्यासमोर गाऊन झालेलं. त्या पद्धतीत वरच्या पट्टीतले बारकावे मुळात उतरायचेच नाहीत. ते १९२ किलोहर्ट्‌झच्या फाइलमध्ये भरलं, की तबकडीची खरखर तेवढी राजेशाही थाटात ऐकू येते.

यावर तो म्हणेल, फरक असतो, तुमचे कान तयार नाहीत. २००७ साली ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत सीडीच्या आणि त्याहून वरच्या मापातला नेमका हाच फरक, कोणतं काय वाजतंय हे न सांगता, ५५४ वेळा विचारला गेला. बरोबर उत्तरं आली २७६. नाणं उडवलं असतं तर सरासरीने २७७ आली असती. पण न्यायाने बोलायचं तर २०१६मध्ये जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांचे निकाल एकत्र केले, तेव्हा प्रमाण ५२.३ टक्के निघालं, आणि कानाला तालीम दिलेल्यांचं त्याहून बरं. म्हणजे गृहस्थ अगदीच खोटा नाही. नाण्यापेक्षा शंभरात दोन-तीनदा जास्त त्याचं म्हणणं खरं ठरतं, आणि त्या दोन-तीनांसाठी त्याने प्रॉव्हिडंट फंडाला हात घातलेला असतो.

तरीही त्याच्या दिवाणखान्यातला आवाज बरा नसतोच, कारण बिघाड दिवाणखान्यातच असतो. खाली व्हिट्रिफाइड फरशी, समोर काचेचं शोकेस, भिंती उघड्या. स्पीकरमधून निघालेला प्रत्येक स्वर तीन ठिकाणी आपटून कानाशी येतो. एक स्पीकर कोपऱ्यात कोंबलेला, म्हणून तबल्याचा बायाँ घुमतो. दुसरा सोफ्याच्या हाताआड, म्हणून तानपुरा गायब. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे घ्यावेत, खाली जाड गालिचा आणि खिडक्यांना जड पडदे लावावेत, तर पडणारा फरक ओळखायला ना तालमीचा कान लागतो, ना चाचणी. हे त्याला ठाऊक नसतं असं मुळीच नाही. पण फरशी, पडदे, शोकेस आणि सोफा हे खातं त्याच्याकडे नाही. कॅबिनेटमागची वायर मात्र कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, तिची किंमत कोणी विचारत नाही, विचारलीच तर एक शून्य कमी करून सांगता येते. त्याचा खर्च कानाच्या गरजेनुसार होत नाही, अधिकारक्षेत्रानुसार होतो.

नव्या वायरीनंतर त्याला होणारा आनंद मात्र खोटा म्हणवत नाही. पैसे मोजलेला माणूस निदान आठवडाभर जीव लावून ऐकतो, आणि जीव लावून ऐकलं की गाण्यात आधी न दिसलेलं दिसतंच. श्रेय वायरीला जातं एवढंच. शिवाय ऐकतो ते विलंबित ख्यालाच्या सुरुवातीची आलापी, तीही चाचणीपुरती. पुढच्या द्रुतापर्यंत त्यातले बरेच जण वर्षानुवर्षं पोचलेले नसतात.

अलीकडे त्याला खोलीचे दोष सॉफ्टवेअरने दुरुस्त करण्याची सोय सापडली आहे, आणि ही खरोखर कामाची आहे. मोजमापाचा मायक्रोफोन ठेवायचा, स्पीकरमधून चढत जाणारी शीळ सोडायची, आणि जिथे खर्ज फुगतो तिथे तो तेवढा कापायचा. फरशीवरून उठणारा प्रतिध्वनी त्याने जात नाही, पण घुमणारा बायाँ ताळ्यावर येतो, आणि सोफ्याला हात लावावा लागत नाही. अडचण एकच: माप घेताना घरात पूर्ण शांतता हवी, म्हणजे पंखा, मिक्सर आणि कुकर तिन्ही बंद, आणि त्यासाठी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारावं लागतं.