बिनआईचे हंस

हंसाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायची युक्ती आपल्याकडे जुनीच. अडचण एवढीच की कोंबडीचं पंचांग 21 दिवसांचं, आणि हंसाच्या अंड्याला लागतात 28 ते 30. एकविसावा दिवस उलटल्यावर आमची तांबडी अस्वस्थ झाली, उठली, अंड्यांभोवती फिरली आणि निवृत्त हेडमास्तरांनी मुदतवाढ स्वीकारावी तशी पुन्हा बसली. मात्र त्या मुदतवाढीतून निघालेला चपट्या चोचीचा, शेवाळी-पिवळा ऐवज पाहून ती जी उठली, ती परत फिरकली नाही. कार्यभार माझ्याकडे आला.

पुराणांनी हंसाबद्दल माझी समजूत फार उंच करून ठेवली होती. दमयंतीकडे निरोप नेणारा, मानसरोवरात विहरणारा, दूध आणि पाणी वेगळं करणारा! प्रत्यक्षात हे महाशय भिजवलेली कणी आणि पाणी दोन वेगळ्या वाट्यांतून घेतात आणि पाच मिनिटांत त्यांचा एकजीव चिखल करून त्यात उभे राहतात. गणपतीच्या वाट्याच्या दूर्वाही आता त्यांनाच जातात, कारण जन्मल्यापासून त्यांना गवत कळतं.

बाकीचं सगळं आपल्याला कळावं लागतं. पहिल्या आठवड्यात खोक्यात बल्बखाली 32 ते 34 अंश ऊब हवी. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लंच खरं सांगतात. गारठली की एकमेकांवर चढतात, उकडलं की कोपरे गाठतात. खाली वर्तमानपत्र अंथरू नये, गोणपाट घालावं, कारण गुळगुळीत कागदावर कोवळे पाय फाकतात. (वर्तमानपत्राने थोरांचेही पाय सरकतात, पण त्यांना गोणपाट कोण घालणार?) सगळ्यात मौज पाण्याची. आईच्या पंखाखालच्या पिल्लांची लव पाण्याला दाद देत नाही. पोरक्यांची भिजते आणि ती काकडतात. म्हणून प्रत्यक्ष हंसाला 'पाण्यात जाऊ नकोस, सर्दी होईल' असं दटावत मी अंगणात उभा असतो.

आणि ते ऐकतातही, कारण मी त्यांची आई आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या आल्टेनबर्गला कॉनरॅड लोरेन्त्स यांच्यावर हाच प्रसंग आला होता. रानहंसाचं एक पिल्लू त्यांच्या डोळ्यांदेखत अंड्यातून बाहेर आलं. त्यांनी ते पाळीव हंसिणीच्या पंखाखाली सरकवलं आणि ते पाठ फिरवून निघाले, तर पिल्लू रडत त्यांच्याच मागे. तिचं नाव त्यांनी मार्टिना ठेवलं. रात्री ती मधूनमधून 'आहेस ना?' अशा सुरात हाक मारायची, आणि दाढीवाले प्राणिशास्त्रज्ञ झोपेत हंसभाषेत 'आहे, आहे' म्हणायचे. 1973 साली त्यांना इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं. त्या जागरणांचंही त्यात थोडं पुण्य असावं असं मला वाटतं.

मला हंसभाषा येत नाही. रात्री खोक्यातून बारीक किलबिल उठली की मी अंधारातूनच 'अरे, आहे रे बाबांनो' म्हणतो. क्षणभर शांतता होते, मग घोगरं, समाधानाचं काहीतरी पुटपुटणं. इतक्या कमी पुराव्यावर माझ्यावर इतका विश्वास घरात दुसऱ्या कोणीही टाकलेला नाही. तांबडी मात्र परड्यातून ही वरात जाताना बघते आणि मान तिरकी करून दाणे टिपू लागते.

तुम्हालाही कुणी अशी पिल्लं देऊ केली, तर जरूर घ्या. फक्त एकटं घेऊ नका, निदान दोन तरी घ्या. आणि घेण्याआधी घरच्यांना सांगून ठेवा, नीट सांभाळलेला हंस वीस वर्षंसुद्धा जगतो.