दोन चौरस मीटरचा बूट

बी.एड.ला आमच्याकडून पाठाच्या पायऱ्या घोकून घेतल्या होत्या : प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. जर्मनीतल्या हर्बार्टच्या शिष्यांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेल्या वळणाच्या या पायऱ्या गिरगावातल्या चाळींच्या लाकडी जिन्यासारख्या कुरकुरत का होईना, अजून टिकून आहेत. हेतुकथन म्हणजे ‘आज आपण अमुक घटकाचा अभ्यास करू’ हे एक वाक्य. पण ते सरळ बोलून टाकलं तर तुम्ही कसले शिक्षक! आधी आडून आडून प्रश्न विचारायचे आणि घटकाचं नाव मुलांच्याच तोंडून वदवून घ्यायचं.

गिरगावातल्या एका शाळेत सराव पाठाला मी ‘बाष्पीभवन’ वदवून घ्यायला निघालो. विचारलं, “गॅलरीत ओले कपडे वाळत घातले, तर त्यातलं पाणी कुठे जातं?”

पहिल्या बाकावरचा मुलगा तत्परतेने उठला. “खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या डोक्यावर. मग त्या वर येतात.”

पुढचा तास त्या काकूंनीच घेतला. मागे बसलेल्या निरीक्षक प्राध्यापकांनी वहीत शेरा मारला : ‘हेतुकथन उशिरा.’ खरं तर ते झालंच नव्हतं. गृहस्थ सभ्य होते.

उद्दिष्टं लिहिण्याचीही एक शिस्त असते. अमेरिकेत ब्लूम आणि मंडळींनी १९५६ साली उद्दिष्टांची उतरंड रचली, ती ज्ञान, आकलन, उपयोजन अशा नावांनी आमच्या टाचणवहीत येऊन बसली. ‘विद्यार्थ्याला समजते’ असं लिहिलेलं चालत नाही, कारण समजलेलं डोळ्यांना दिसत नाही. ‘सांगतो’, ‘ओळखतो’, ‘फरक स्पष्ट करतो’ असं लिहायचं. पुढे २०१७ मध्ये एनसीईआरटीच्या अध्ययन निष्पत्ती आल्या आणि बालभारतीच्या पुस्तकांतही त्या सुरुवातीच्या पानांवर छापल्या जाऊ लागल्या. मी ‘उद्दिष्टे’ खोडून ‘अध्ययन निष्पत्ती’ लिहिलं आणि खालचा मजकूर होता तसा ठेवला. टाचण मुख्याध्यापिकाबाईंच्या सहीला जायचं, सही होऊन परत यायचं. ज्यांच्यासाठी ते लिहिलंय त्या मुलांना दाखवावं, हे कधी माझ्या मनातही आलं नाही.

ते एका प्रशिक्षणात तज्ज्ञांनी मनात घातलं. म्हणाले, “आजचं उद्दिष्ट मुलांच्या भाषेत फळ्यावर लिहा. तास संपताना मुलांनीच सांगावं, गाठलं की नाही.” मी भारावलो. प्रशिक्षणात चहाबरोबर बटाटेवडा असला की मी लवकर भारावतो.

दुसऱ्या दिवशी लालबागच्या आमच्या शाळेत आठवीचा वर्ग, धडा ‘बल व दाब’. फळ्यावर ठळक लिहिलं : ‘तासाच्या शेवटी प्रत्येक जण दाब म्हणजे काय हे स्वतःच्या अनुभवावरून सांगेल.’ खाली दोन रेघा ओढल्या. इतकं स्पष्ट उद्दिष्ट त्या फळ्याने पाहिलं नसावं.

एक मुलगी उठली. “सर, सकाळी करी रोडला उतरताना माझ्या पायावर आधी एका काकांचा बूट पडला, मग एका ताईची टोकदार टाच. काका जाडे होते, पण टाच जास्त दुखली. कारण ती एवढीशी होती.”

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. माझी हजेरीसुद्धा घेऊन झाली नव्हती. त्यापाठोपाठ गणपतीच्या आगमनाच्या दिवशीचा चिंचपोकळीचा गच्च पूल आला, दप्तराचे रुतणारे पट्टे आले, आईच्या विळीची धार आली. मग मागून आवाज आला, “सर, उद्दिष्ट झालं. पीटीला जाऊ?”

आता माझी पंचाईत पाहा. टाचणवहीतलं उद्दिष्ट कधीच अंगावर येत नाही, कारण ते अशा भाषेत असतं की गाठलं की चुकलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. ती भाषा शिक्षकाचं चिलखत आहे. मी ते काढून, बनियनवर म्हणावं तसा, वर्गासमोर उभा होतो.

घाईघाईने नवं उद्दिष्ट लिहिलं : ‘प्रत्येक जण दाबाचं गणित अचूक सोडवेल.’ ‘अचूक’खाली पुन्हा रेघ. त्याच वेळी मुख्याध्यापिकाबाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. मी जोशात गणित मांडलं. वजन ५०० न्यूटन, बुटाचा तळ २०० चौरस सेंटीमीटर. शंभर सेंटीमीटरचा एक मीटर, म्हणून २०० भागिले १००, म्हणजे २ चौरस मीटर.

वर्ग गप्प. मग ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत वाढलेला एक मुलगा उठला. “सर, दोन चौरस मीटरचा बूट? आमची खोली १६० चौरस फुटांची होती. म्हणजे पंधरा चौरस मीटरला थोडी कमीच. तिच्यात असे सातच बूट मावतील.”

या मुलांसमोर क्षेत्रफळात चुकायचं नसतं. घरात रात्रंदिवस पुनर्विकासाचीच चर्चा. १६० फुटांच्या बदल्यात ५०० फूट, त्यातला कार्पेट किती, बाल्कनी धरली की नाही, हे जेवताना ऐकत ती मोठी होतात. करी रोडवाली मुलगी फळ्याजवळ आली, खडू घेतला आणि मला समजेल अशा बेताने म्हणाली, “सर, मीटर लांब आणि मीटर रुंद. शंभर गुणिले शंभर. दहा हजाराने भागायचं.” बुटाखाली २५,००० न्यूटन प्रति चौरस मीटर आले. तेवढंच वजन एका चौरस सेंटीमीटरच्या टाचेवर घेतलं, तर ५० लाख! तिने उत्तराकडे पाहिलं, स्वतःच्या पायाकडे पाहिलं आणि समाधानाने जागेवर जाऊन बसली.

बाईंनी विचारलं, “गणित कुणाकुणाला जमलं?” सगळे हात वर गेले. जरा उशिराने माझाही गेला.

टाचणवहीत त्या तासापुढे मी नेहमीसारखं ‘उद्दिष्ट साध्य’ लिहिलं, बाईंनी नेहमीसारखी सही केली. दोघांपैकी कुणीही खोटं बोललेलं नाही. साध्य कुणी करून दिलं, हे लिहायला त्या वहीत रकाना नाही.