रेडिओ पाहण्याचे शास्त्र

हौशी रेडिओ हा मुळात कानाचा छंद आहे. केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवलेला आणि ‘व्हीयू’ने सुरू होणारे कॉल साइन धारण करणारा हौशी प्रसारक, ज्याला जगभर ‘हॅम’ म्हणतात, रेडिओची खुंटी केसभर फिरवत, खरखरीच्या पलीकडे कोणी बोलते आहे काय याचा कानोसा घेत वर्षानुवर्षे बसत आला आहे. त्याच माणसाला स्वयंपाकघरातून मारलेली हाक मात्र कशी ऐकू येत नाही, हा प्रश्न रेडिओशास्त्राचा नसून गृहस्थाश्रमाचा असल्याने तो येथे बाजूला ठेवणे इष्ट. कानाची ही मक्तेदारी मोडली ती वर्णपटदर्शक पडद्याने.

या पडद्यावर डावीकडून उजवीकडे वारंवारता मांडलेली असते आणि वरून खाली काळ सरकत असतो. संदेश जितका जोरकस, तितका त्याचा रंग भडक, आणि निळ्या पार्श्वभूमीवर हे रंग सतत खाली ओघळत राहतात, म्हणून हॅम मंडळी त्याला ‘वॉटरफॉल’ म्हणतात. मोर्सचा संदेश येथे तुटक रेषेसारखा उमटतो आणि सराव असल्यास आवाज बंद ठेवूनही वाचता येतो. आकाशवाणीच्या परभणी केंद्राच्या १३०५ किलोहर्ट्झवर खुंटी आणली, तर मधोमध वाहक लहरीची न हलणारी ठळक रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांना एकमेकींची हुबेहूब नक्कल करणाऱ्या दोन झालरी दिसतात. निवेदक श्वास घेण्यास थांबला की दोन्ही झालरी एकाच क्षणी विरतात. कालक्रमाने आलेल्या लहरीतून वारंवारता वेगळ्या काढण्याचे हे गणित फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने उष्णतेच्या वहनाचा अभ्यास करताना विकसित केले, व १८२२ मध्ये ते ग्रंथरूपाने आले. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या वर नेणाऱ्या परभणीचा या गणितावर नैसर्गिक हक्क पोचतो, असे म्हणण्यास हरकत नसावी.

जुन्या रेडिओला असा पडदा जोडण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे मूळचा संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठी बनवलेला, अंगठ्याएवढा डोंगल. त्यातून रेडिओही ऐकता येतो, हे २०१२ च्या सुमारास सर्वत्र पसरले. अडचण अशी, की तो साधारण २४ मेगाहर्ट्झच्या खाली धड ऐकत नाही आणि हॅमचे लाडके ७ व १४ मेगाहर्ट्झचे पट्टे नेमके त्याखाली असतात. म्हणून रेडिओचे झाकण उघडून, आलेला प्रत्येक संदेश ज्या एकाच ठरावीक मध्यवर्ती वारंवारतेवर आणला जातो (अनेक संचांत ती ७० मेगाहर्ट्झच्या आसपास असते), तेथून, अरुंद गाळणीच्या आधी, एक बारीक तार बाहेर काढावी लागते. हे धैर्याचे काम संच वॉरंटीत असताना सहसा कोणी करीत नाही. इतके करूनही काही संचांत चित्र आरशातल्यासारखे उलटे उमटते व उजवीकडचे स्टेशन डावीकडे दिसते. संगणकात एका चौकटीवर टिचकी मारली की ते सुलटते, पण ती चौकट सापडेपर्यंत हॅम खुंटी उलट्या दिशेने फिरवून स्वतःला दोष देत राहतो.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वचन जिल्ह्यात लहान मुलांनाही पाठ असते, आणि संध्याकाळी १४ मेगाहर्ट्झचा पट्टा युरोपकडे उघडला की या वचनाची दोन्ही टोके एका पडद्यावर आणावीत, हीच या खटाटोपामागची उदात्त प्रेरणा असते. प्रत्यक्षात पडद्यावर प्रथम जर्मनी येत नाही, गल्ली येते. समान अंतरावर उभ्या असलेल्या आणि तापमानाप्रमाणे नागमोडी सरकणाऱ्या पुसट रेषा या कोणाच्या तरी एलईडी बल्बच्या, चार्जरच्या नाहीतर सौर इन्व्हर्टरच्या असतात. आणि शोध घेता पहिला आरोपी बहुधा तोच पडदा दाखवणाऱ्या लॅपटॉपचा चार्जर निघतो. गाव शिवाराला लागून असेल तर रानडुकरांसाठी कुंपणावर बसवलेले झटका मशीन साधारण सेकंदाला एक अशी आडवी रेघ पडदाभर ओढत राहते. रात्रपाळीची थ्री फेज लाईट येऊन ऑटो स्विचवरच्या मोटारी धडाधड सुरू झाल्या की ठिणग्यांच्या रेघांची झुंबड उडते. म्हणजे जगाची वार्ता घेण्यासाठी मांडलेल्या यंत्रावर हॅमला कोणाच्या विहिरीवर पाणी सुरू झाले हे आधी कळते.

या ज्ञानाचा उपयोग करणे मात्र अवघड. ‘तुमच्या बल्बमुळे आमचा रेडिओ खरखरतो’ असे शेजारी जाऊन सांगणे शास्त्रदृष्ट्या निर्दोष असले, तरी ‘बल्ब आमच्या घरात, रेडिओ तुमच्या, मग भांडण कशाचे, काका?’ या प्रश्नाला चहा संपेपर्यंत उत्तर देता येत नाही. अखेरीस हॅम पदरमोड करून चांगल्या प्रतीचा बल्ब शेजाऱ्यास भेट देतो, आणि गल्लीत त्याची ख्याती विनाकारण उदार माणूस अशी होते.

भारनियमनाची वेळ झाली, की सारे चित्र पालटते. मोटारी थांबतात, चार्जर निवतात, पडदा काठापासून काठापर्यंत निळाभोर होतो आणि त्यात युरोपातली एखादी बारीक पिवळी रेघ स्पष्ट उमटते. लोक वीज कंपनीच्या नावाने बोटे मोडत ओट्यावर येऊन बसतात, तेव्हा हॅम बारा व्होल्टच्या बॅटरीवर संच लावून घाईघाईने जर्मनीला साद घालीत असतो. आणि ‘लाईट आली’ असा एकच गलका उठतो, त्या क्षणी साऱ्या गल्लीत हळहळणारा तो एकटाच असतो.