धबधबा चालू आहे का?

नळदुर्ग हा धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातला, बोरी नदीच्या वळणावर काळ्या कातळाच्या टेपाडावर उभा असलेला किल्ला. त्याला डोंगरी म्हणावे की भुईकोट, यावर किल्लेवेड्यांत एकमत नाही. सह्याद्री पालथा घातलेली मंडळी 'हा काय किल्ला, याला चढच नाही' म्हणून हसतात आणि उपल्या बुरजाच्या उंच पायऱ्या चढून गेल्यावर बराच वेळ काहीच बोलत नाहीत. किल्ला सोलापूर-हैदराबाद महामार्गालगत आहे आणि हीच त्याची खरी अडचण. वाटेवरच्या गोष्टीसाठी मराठी माणूस मुद्दाम थांबत नाही. 'येताना बघू' असे म्हणतो, आणि येताना अंधार पडलेला असतो.

याच माणसाने बव्हेरियातल्या डोंगरावरचा नॉयश्वानस्टाइन किल्ला मात्र रांगेत उभे राहून पाहिलेला असतो. राजा दुसरा लुडविग याने १८६९ मध्ये तो बांधायला घेतला. लढाईचा हेतू नव्हताच. जुन्या सरदारी काळाची हौस होती. १८८६ मध्ये राजा वारला आणि काही आठवड्यांतच तिकीट लावून किल्ला लोकांना खुला झाला. आज तिकिटावर आत जाण्याची वेळ छापलेली असते, आत फोटो काढू देत नाहीत आणि अर्ध्या-पाऊण तासात पाहुणा बाहेर पडतो. त्या किल्ल्याला शत्रूचा वेढा कधी पडला नाही. सहलीच्या बसगाड्यांचा पडतो.

नळदुर्गाने राज्यकर्ते भरपूर पाहिले. नाव नळराजाचे सांगतात. त्याचा पुरावा दमयंतीकडेच असणार. पुढे बहमनी, आदिलशाही, मोगल, निजाम असा क्रम लागतो, आणि १८५३ च्या तहानंतर काही वर्षे इंग्रज. त्या काळात मेडोज टेलर हा अधिकारी इथे होता. ठगांवरची गाजलेली कादंबरी त्याने याच किल्ल्यात बसून लिहिली, असे सांगणारा एखादा जाणकार भेटतोच. ती कादंबरी १८३९ मध्ये, म्हणजे साहेब इथे येण्याच्या कितीतरी आधी छापून झाली होती. तुळजापूरच्या मुलीची कथा सांगणारी 'तारा' १८६३ ची आहे. तिच्यावर मात्र या मुलखाने खुशाल हक्क सांगावा.

किल्ल्यातली मुख्य वस्तू म्हणजे पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, मीर इमादीन याने तो बांधला. बोरी नदीवर आडवी दगडी भिंत घालून नळदुर्ग आणि समोरचा रणमंडळ हा छोटा किल्ला जोडला. त्या एकाच भिंतीने पाणी अडवले, पलीकडे जायला वाट केली आणि शत्रूची वाट अवघड केली. आजच्या हिशेबाने तीन खाती आणि तीन निविदा झाल्या असत्या. एवढ्यावर न थांबता मीरसाहेबांनी भिंतीच्या पोटात महाल काढला. जिना उतरून आत गेले की गारवा लागतो, कोरीव गवाक्ष दिसते आणि नदी भरली असेल तर डोक्यावरून आलेले पाणी गवाक्षासमोर कोसळत असते. आतला माणूस कोरडा राहतो. निदान राहावा अशी योजना आहे. सेल्फीसाठी बाहेर झुकणाऱ्याची जबाबदारी आदिलशाहीने घेतलेली नाही. हे बांधकाम पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंचे अंधारतील, अशा अर्थाचा मजकूर तिथल्या फारसी शिलालेखात आहे. सध्या दोन्ही पक्षांचे डोळे मोबाईलमध्ये असतात.

भिंतीवरून पाणी ज्या दोन सांडव्यांतून पडते, त्यांना नर आणि मादी म्हणतात. कोणता नर आणि कोणती मादी, यावर सहकुटुंब आलेल्यांत चर्चा होते आणि तिचा निकाल बहुधा घरच्या रिवाजाप्रमाणे लागतो. खरी मेख पुढे आहे. हा दुष्काळी पट्टा. वरचे बोरी धरण भरून सांडव्यावरून वाहू लागले तरच नर-मादी वाहतात. एखाद्या वर्षी ऑगस्टातच धो धो, एखाद्या वर्षी पावसाळा संपला तरी भिंत कोरडी. कोरड्या दिवशी आलेला पाहुणा 'फसलो' म्हणून परत फिरतो. तो चुकतो. बांधकामाची जोडणी खरी कोरड्या भिंतीतच नीट दिसते. पण कोरड्या भिंतीला लाईक मिळत नाहीत, हेही खरे.

बाकीचा किल्ला पाहायला अर्धा दिवस हवा आणि पायांत चांगले बूट हवेत. नवबुरूज नऊ पाकळ्यांचा आहे. त्या मोजताना प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते. उपल्या बुरजावर लांबलचक तोफा पडून आहेत. त्यांतल्या एका तोफेचे तोंड मगरीसारखे आहे, आणि त्यात हात घालून फोटो काढणे हा दर्शनाचाच भाग मानला जातो.

जाताना नळदुर्गच्या खंडोबाचे दर्शन अनेक जण घेतात. इथेही चौकशी लागते, कारण देव वर्षातला थोडा काळ नळदुर्गात राहतो आणि उरलेला बहुतेक काळ शेजारच्या अणदूरला. दोन्ही गावांनी ही वाटणी पिढ्यान् पिढ्या पाळली आहे. तेव्हा घरून निघण्यापूर्वी ओळखीच्या कुणाला तरी फोन करावा आणि दोनच गोष्टी विचाराव्यात: धबधबा चालू आहे का, आणि देव सध्या कुठल्या गावात आहे.