सोवळ्यातलं पिस्तूल

माझी आत्या कडक सोवळ्याची. तिच्या वाळत घातलेल्या लुगड्याला कुणाचा चुकून हात लागला, की ते पुन्हा पिळून वाळत. आत्या गेली तसं ते सोवळंही गेलं, अशी माझी समजूत होती. फिलाडेल्फियाजवळ राहायला आलो आणि शेजारीबुवांनी ती खोटी ठरवली.

शेजारीबुवा निवृत्त गणितमास्तर. सत्तरी उलटलेली, स्वभाव इतका गरीब की आमचा कुकर शिट्टी देतो तेव्हा तिकडे ते दचकतात. पण स्वेटरच्या आत, कमरेला, भरलेलं पिस्तूल. शेरीफनं दिलेला पाच वर्षांचा परवाना पाकिटात. “वेळ काय सांगून येते?” हे त्यांचं पालुपद.

अडचण एवढीच, की नदीवरचा पूल ओलांडला की न्यू जर्सी लागतं, आणि तिथे पेनसिल्व्हेनियाचा परवाना म्हणजे कोरा कागद. न्यूयॉर्कलाही तोच प्रकार. त्यामुळे अमेरिकेचा नकाशा बुवांना ‘चालतं’ आणि ‘चालत नाही’ अशा दोनच रंगांत पाठ आहे.

2023 च्या ऑक्टोबरात पानगळीचे रंग बघायला त्यांच्या गाडीतून वर्मॉंटला निघालो. आधी त्यांच्या अंगणात विधी झाला. पिस्तूल रिकामं करून एका पेटीत, गोळ्या दुसऱ्या पेटीत, दोन्हींना कुलपं, दोन्ही डिकीत, मध्ये माझी बॅग. मॅगझिन दहा गोळ्यांचंच, कारण पुढच्या दोन्ही राज्यांना अकरावी खपत नाही.

“पुढच्या कप्प्यात ठेवा की,” मी म्हणालो. त्यांनी थेट आत्यासारखे डोळे वटारले. 1986 चा केंद्राचा कायदा सांगतो, की निघायच्या आणि पोचायच्या ठिकाणी शस्त्र बाळगायची मुभा असेल तर मधल्या राज्यांतून ते नेता येतं. मात्र रिकामं, आणि गाडीतल्या कुणाचा हात पोचणार नाही असं. पुढचा कप्पा म्हणजे हात लागलाच!

न्यू जर्सीत मी चहासाठी थांबू म्हटलं. उत्तरादाखल मला युटाच्या प्रवाशाची कथा ऐकावी लागली. नेवार्कला त्याचं पुढचं विमान चुकलं, सामान ताब्यात घेऊन रात्र हॉटेलात काढावी लागली, सकाळी विमानतळावर त्यानं आपणहून पिस्तूल दाखवलं आणि तुरुंगात गेला. 2010 मध्ये अपील न्यायालयानंही त्याला कायद्याचं संरक्षण नाकारलं; रात्रभर पेटी त्याच्या हाताशी होती ना! कथा संपेपर्यंत चहाची जागा मागे पडली. पुढे बुवा स्वतःच सीटवर चुळबुळत होते, पण न्यूयॉर्कची हद्द संपेपर्यंत त्यांनी ब्रेकला पाय लावला नाही.

वर्मॉंटमध्ये परवाना नावाची भानगडच नाही. आडोसा आणि मोकळा श्वास दोन्ही एकदम घेऊन बुवांनी पिस्तूल कमरेला लावलं. समोर दोन गायी चरत होत्या. तेवढ्यात त्यांना नातीला पत्र टाकायची आठवण झाली. पोस्ट पडलं केंद्र सरकारचं. त्याच्या वाहनतळावरसुद्धा शस्त्र चालत नाही. पुन्हा कुलपं, पुन्हा पेट्या. गाडी रस्त्यापलीकडे लावून बुवा निःशस्त्र आत गेले आणि तिकीट चिकटवून सुखरूप परतले.

संकट आलंच, तर त्याला आधी कुठलं राज्य लागलंय ते पाहूनच यावं लागेल. आत्याचं सोवळं निदान पंगत उठली की सुटायचं. बुवांचं परतीच्या वाटेवर, न्यूयॉर्कच्या पाटीआधी अर्धा मैल, पुन्हा सुरू झालं.